धागा: खारपाणपट्ट्यातली लॅब, सिलेक्टिव्ह मीडिया आणि प्लेटवरचा रंग

पूर्णाकाठ
दर्यापूर भागातल्या छोट्या लॅबसाठी सल्ला हवा आहे. नमुने मुख्यतः लघवी आणि जखमेतला पू, पावसाळ्यात शौचाचे नमुने. मीडिया (जंतू वाढवायचं माध्यम) तयार पावडरपासून इथेच बनतो. पाणी बोअरचं, आरओमधून काढलेलं. सध्या तीन अडचणी आहेत.

एक, क्लेडवर (लघवीच्या नमुन्यांचं माध्यम) प्रोटियस हा जंतू सगळ्या प्लेटभर पसरतो. तो तिथे पसरू नये म्हणूनच तर क्लेड वापरतात ना?
दोन, एक्सएलडी (शौचातले साल्मोनेला-शिगेला हे जंतू शोधायचं माध्यम) कधी स्वच्छ लाल-नारिंगी होतं, तर कधी गढूळ आणि तळाशी साका.
तीन, मॅकॉन्कीवर (लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, आंबवणारे जंतू गुलाबी दाखवणारं माध्यम) हल्ली सगळ्याच कॉलनी (जंतूंचे ठिपके) थोड्याफार गुलाबी दिसतात. लॅक्टोज आंबवणारे कोणते आणि न आंबवणारे कोणते, ते कळत नाही.

पावडरची मुदत संपलेली नाही. ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणं) 15 पौंडांवर 15 मिनिटं.

अगार_अगार
सगळ्यात आधी पाणी बघा. क्लेडच्या नावातच ‘इलेक्ट्रोलाइट डेफिशियंट’ आहे. त्यात मीठ मुद्दाम घातलेलं नसतं, आणि मीठ नसल्यामुळेच प्रोटियसला पसरता येत नाही. खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी आणि वर जुना झालेला आरओ मेम्ब्रेन, म्हणजे कंपनीने काढून ठेवलेलं मीठ तुम्हीच परत घातलं. प्लेट दिसते क्लेडसारखी, वागते साध्या न्यूट्रिएंट अगारसारखी.

तपासायला दोन सोप्या गोष्टी. टीडीएस पेन घ्या. मीडियासाठीच्या पाण्याचं वाचन 10 पीपीएमच्या खाली हवं, चांगलं डिस्टिल्ड पाणी तर 5 च्याही खाली असतं. दुसरी, चाचणीनळीत 10 मिली पाणी घ्या, त्यात नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि 1 टक्का सिल्व्हर नायट्रेटचे दोन-तीन थेंब टाका. नळीमागे काळा कागद धरा. पांढरट धूसरपणा आला की क्लोराइड आहे. बाटलीबंद डिस्टिल्ड पाण्याची एक नळी शेजारी ठेवली की फरक लगेच कळतो.

पूर्णाकाठ
पेन आत्ताच लावला. आरओचं पाणी 140 दाखवतंय. पेट्रोल पंपावर मिळणारं बॅटरीचं पाणी चालेल काय?

अगार_अगार
140 पीपीएमवर क्लेड चालणारच नाही. बॅटरीचं पाणी बहुतेक वेळा डिमिनरलाइज्ड असतं. टीडीएस कमी भरेल, पण प्रत्येक डब्याचा पीएच वेगळा निघू शकतो, म्हणून दर डब्याचं टीडीएस आणि पीएच दोन्ही बघूनच घ्या. कायमचा उपाय काचेची डिस्टिलेशन यंत्रणा. मात्र तिला थेट बोअरचं पाणी देऊ नका, आठवड्याभरात हीटरवर पांढरा थर चढतो. आधी आरओ, मग डिस्टिलेशन. आत्ता आहे तो आरओ फेकायची गरज नाही, तो पहिल्या टप्प्याला कामाचा आहे.

क्षारांचा दुसरा फटका म्युलर हिंटनला, म्हणजे औषधाच्या डिस्क ठेवून ते चालतं का बघायच्या माध्यमाला, बसतो. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम वाढलं की स्यूडोमोनासवर जेंटामायसिन, अमिकासिन यांच्या डिस्कभोवतीची जंतू न वाढलेली वर्तुळं लहान येतात आणि चालणारं औषध रिपोर्टमध्ये ‘रेझिस्टंट’ लागतं. म्हणून पाण्याची गोष्ट क्लेडपुरती समजू नका.

लूपधारी
एक्सएलडीबद्दल. ते ऑटोक्लेव्ह होत असेल, किंवा उकळल्यावर बराच वेळ गरम राहत असेल. एक्सएलडी ऑटोक्लेव्हमध्ये घालायचं नाही. त्यात लिटरला साधारण अडीच ग्रॅम सोडियम डीऑक्सिकोलेट असतं. जास्त उष्णतेने साका बसतो आणि माध्यमाचा निवडकपणा बिघडतो. एसएस अगार (हेही साल्मोनेला-शिगेलासाठी) आणि टीसीबीएस (कॉलऱ्याच्या जंतूसाठी) यांनाही हाच नियम.

पद्धत अशी. पावडर मोजून फ्लास्कमधल्या थंड पाण्यात भिजवा, 10 मिनिटं तशीच राहू द्या म्हणजे गुठळ्या राहत नाहीत. 1 लिटर माध्यमाला 2 लिटरचा फ्लास्क घ्या, फेस वर येतो. सतत ढवळत तापवा. पहिली उकळी आली आणि अगार पूर्ण विरघळला की लगेच उतरवा. 50 अंशांच्या वॉटर बाथमध्ये ठेवा आणि तिथून थेट ओता. ‘दुपारी ओतू’ म्हणून गॅसवर मंद आचेवर ठेवलं की साका आलाच समजा. उरलेलं दुसऱ्या दिवशी परत वितळवायचं नाही. जेवढ्या प्लेट लागतील तेवढंच करा, 90 मिमीच्या प्लेटला 20 मिली धरून.

ओतलेली प्लेट स्वच्छ, लाल-नारिंगी दिसली पाहिजे. पिवळट झुकली तर पीएच उतरलाय. तयार माध्यमाचा पीएच 25 अंशांवर 7.4 च्या आसपास, अधिक-उणे 0.2. पीएच पट्टीवर भरवसा ठेवू नका, माध्यमात आधीच फिनॉल रेड असतं आणि त्याचा रंग पट्टीवर चढतो. मीटरच लागेल.

सूक्ष्मा
तिसऱ्या प्रश्नावर जरा सविस्तर लिहिते, कारण मॅकॉन्की सगळेच रोज वापरतात आणि सगळ्यात जास्त चुकीचं तेच वाचलं जातं.

त्यात दोन वेगळी कामं चालतात. बाइल सॉल्ट आणि क्रिस्टल व्हायोलेट ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंना दाबतात. क्रिस्टल व्हायोलेट लिटरला जेमतेम 1 मिलिग्रॅम असतं, पण तेवढं पुरतं. हा झाला निवडीचा भाग. 10 ग्रॅम लॅक्टोज आणि 30 मिलिग्रॅम न्यूट्रल रेड ओळख पटवायला. लॅक्टोज आंबवून आम्ल झालं, पीएच 6.8 च्या खाली उतरला, की न्यूट्रल रेड लालसर होतं. म्हणजे तो रंग पीएच सांगतो, जंतूचं नाव सांगत नाही.

सगळं गुलाबी दिसायची कारणं मी या क्रमाने तपासेन.

पहिलं, पेरलेलीच नसलेली प्लेट. त्याच बॅचची एक कोरी प्लेट शेजारी ठेवा. कोरी प्लेटच गुलाबी असेल तर दोष माध्यमात आहे. अगार पुन्हा पुन्हा वितळवला किंवा ऑटोक्लेव्हमध्ये जास्त वेळ राहिला की लॅक्टोजचं विघटन होऊन पीएच उतरतो. तयार माध्यमाचा पीएच 7.1 च्या आसपास असायला हवा. ऑटोक्लेव्हचे 15 मिनिटं 121 अंश गाठल्यापासून मोजतात, हे बरोबर. पण नंतर भांडं आपोआप थंड व्हायची वाट बघत तासभर आत ठेवलं तर माध्यम तेवढा वेळ शिजतच राहतं.

दुसरं, गर्दी. स्ट्रिकिंग, म्हणजे लूपने (तारेच्या कडीने) प्लेटवर रेघा ओढून पेरणं, दाट झालं की आंबवणाऱ्यांचं आम्ल अगारमधून पसरतं आणि शेजारची फिकट कॉलनीसुद्धा गुलाबी झाक घेते. रंग वाचायचा तो तिसऱ्या-चौथ्या भागातल्या सुट्या कॉलनींचा. दर भागानंतर लूप लालबुंद करून थंड केला तरच सुट्या कॉलनी मिळतात. गरम लूप लावला तर चर्र आवाज येतो आणि ती रेघ रिकामी जाते.

तिसरं, वेळ. 18 ते 24 तासांत वाचा. नंतर लॅक्टोज संपतं, जंतू पेप्टोन खायला लागतात, अमोनिया होतो आणि गुलाबी कॉलनीचा रंग उतरतो. उलट उशिरा लॅक्टोज आंबवणारे दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात. *शिगेला सोनाय* त्यातलीच. सकाळी फिकट बघितलेली कॉलनी दुसऱ्या दिवशी गुलाबी दिसली म्हणून ‘ई. कोलाय’ लिहून मोकळं होणं धोक्याचं आहे.

चौथं, उजेड. प्लेट उलटी करून, खाली पांढरा कागद ठेवून, दिवसाच्या उजेडात बघा.

ई. कोलायची कॉलनी सपाट, कोरडसर, गडद गुलाबी, आणि भोवती बाइलच्या साक्याची गुलाबी धूसर कड. क्लेबसिएला गुलाबीच, पण फुगीर, चिकट, लूपला तार धरणारी. ही कड आणि हा चिकटपणा नुसत्या रंगापेक्षा जास्त बोलका असतो.

लूपधारी
सूक्ष्मा मॅडमच्या मुद्द्यात एक भर. सिलेक्टिव्ह प्लेटवर दबलेला जंतू मेलेला नसतो. सुंदर सुटी कॉलनी दिसते, पण तिच्या खाली आणि कडेला न वाढलेले, जिवंत जंतू असतात. तिथून थेट बायोकेमिकल नळ्यांत (जंतू ओळखायच्या टेस्टच्या) टाकलं की टीएसआय एक सांगते, सायट्रेट दुसरं सांगतं आणि मग लोक पावडरला दोष देतात. कॉलनीच्या मध्यावर वरून सुईने अलगद स्पर्श करा, न्यूट्रिएंट अगारवर किंवा ब्लड अगारवर पुन्हा स्ट्रिक करा, दुसऱ्या दिवशी शुद्ध कॉलनीवरून पुढच्या टेस्ट लावा. एक दिवस जातो, पण तो वाचवायला जाऊ नका.

ऑक्सिडेज टेस्टही (जंतूत एक एन्झाइम आहे का ते रंगावरून बघणारी) मॅकॉन्कीवरच्या गुलाबी किंवा टीसीबीएसवरच्या पिवळ्या कॉलनीवर करू नये. आम्लामुळे खोटं निगेटिव्ह येतं. आणि निक्रोमची लूप वापरू नका, तिच्यामुळे खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. लाकडी काडी किंवा प्लॅटिनम.

वैनगंगा
उन्हाळ्याचं कोणी बोललं नाही. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात बाहेर 45-46 अंश, पत्र्याच्या खोलीत त्याहून जास्त. साध्या इनक्युबेटरला फक्त गरम करता येतं, थंड करता येत नाही. खोलीच 42 असेल तर 37 वर लावलेला इनक्युबेटर 42 च्या वरच राहणार, डिस्प्लेवर काहीही दिसो. नाजूक जंतू तिथे वाढत नाहीत, प्लेट कडेने सुकून आक्रसतात, कॉलनी बारीक राहतात.

ग्लिसरीन भरलेल्या छोट्या बाटलीत थर्मामीटर बुडवून मधल्या कप्प्यात ठेवा आणि दुपारी तीनला वाचा, सकाळी नाही. थंड करणारा बीओडी इनक्युबेटर घ्या, नाहीतर इनक्युबेटर एसीच्या खोलीत हलवा. पाण्याचा कूलर त्या खोलीत नको, ओलावा वाढला की प्लेटवर बुरशी येते.

लोडशेडिंगसाठी इन्व्हर्टर आधी इनक्युबेटरला जोडा. फ्रिज बंद ठेवला तर दोन-तीन तास तग धरतो. फक्त तो उघडू नका, नाहीतर प्लेटच्या झाकणात पाणी साचतं, ते अगारवर उतरतं आणि कॉलनी एकमेकींत वाहून जातात. प्लेट नेहमी उलट्या, पिशवीत बांधून.

पूर्णाकाठ
पावडरचे डबेही त्याच खोलीत आहेत. एक्सएलडीचा 500 ग्रॅमचा डबा पावसाळ्यात दगडासारखा झाला होता.

वैनगंगा
त्यावर काम करू नका. गुठळी झाली म्हणजे ओल आत गेली, वजन करून घेतलेल्या 10 ग्रॅममध्ये पाणी किती ते कळणार नाही. छोट्या लॅबने 500 ग्रॅम घ्यायचंच काहून? 100 ग्रॅमचे डबे घ्या, उघडल्याची तारीख झाकणावर लिहा, वजन झालं की झाकण ताबडतोब घट्ट. सिलिका जेलची पुडी घातलेल्या हवाबंद डब्यात तो डबा, आणि तो 30 अंशांच्या आत. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायचा, नाहीतर थंड पावडरीवर हवेतली वाफ बसते.

सूक्ष्मा
आणि प्रत्येक नव्या बॅचची परीक्षा. कोरी प्लेट रात्रभर 37 अंशांवर ठेवणं ही फक्त निर्जंतुकतेची तपासणी. सिलेक्टिव्ह माध्यमाला दोन्ही बाजूंनी तपासावं लागतं, वाढायचा तो वाढला का आणि दबायचा तो दबला का. ठरलेले स्ट्रेन (आकडे एटीसीसी या अमेरिकन जंतुसंग्रहाचे क्रमांक):

मॅकॉन्की: ई. कोलाय एटीसीसी 25922 गुलाबी, प्रोटियस मिराबिलिस 12453 फिकट आणि न पसरणारा, एंटरोकॉकस फीकॅलिस 29212 दबलेला.
एक्सएलडी: साल्मोनेला टायफिम्युरियम 14028 लाल, मध्ये काळा ठिपका. शिगेला फ्लेक्सनेरी 12022 नुसती लाल. ई. कोलाय पिवळी आणि थोडी.
मॅनिटॉल सॉल्ट अगार: स्टॅफ ऑरियस 25923 भोवती पिवळं, ई. कोलाय दबलेली.

पेरताना हात सारखा हवा. 0.5 मॅकफार्लंड (द्रवाच्या गढूळपणाचं माप) म्हणजे मिलीला साधारण 15 कोटी जंतू. वाढ तपासायची तर सलाइनमध्ये 1:100 विरळ करून 10 मायक्रोलिटर, दाब तपासायचा तर 1:10 करून 10 मायक्रोलिटर. दाट ढेकूळ पेरलं तर कोणतंही माध्यम कमजोर दिसतं. स्ट्रेन चंदीगडच्या एमटीसीसी या जंतुसंग्रहाकडून मागवता येतात. मूळ कुपीवरून स्लँट (नळीतल्या तिरक्या अगारवरची वाढ) करा, रोजच्या वापराच्या स्लँटवरून परत स्लँट करत जाऊ नका. पाचव्या पिढीनंतर नवी कुपी.

मॅनिटॉल सॉल्टबद्दल एक गोष्ट. त्यात 7.5 टक्के मीठ असतं, म्हणून बाकीचे दबतात. पण पिवळं म्हणजे ऑरियसच असं नाही. *स्टॅफ सॅप्रोफायटिकस*ही पिवळं करतो. कोॲग्युलेज टेस्ट (जंतू रक्तद्रव गोठवतो का ते बघणारी) केल्याशिवाय नाव लिहू नये.

धानपट्टा
भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या लोकांसाठी थोडं वेगळं. मधुमेही माणूस, धानाच्या बांधीत काम, पावसाळ्यात ताप आणि गळू. पुवातून मॅकॉन्कीवर लॅक्टोज न आंबवणारा, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह जंतू वाढला की रिपोर्ट जातो ‘स्यूडोमोनास’. थांबा आणि जेंटामायसिन व कोलिस्टिनच्या डिस्क बघा. दोन्हीला दाद देत नाही पण अमॉक्सिक्लॅव्हला देतो, तर *बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलिआय* म्हणजे मेलिओइडोसिसची शंका घ्यायलाच हवी. त्याच्यासाठी ॲशडाउन अगार असतं. त्यात क्रिस्टल व्हायोलेट, जेंटामायसिन आणि 4 टक्के ग्लिसरॉल. कॉलनी दोन-चार दिवसांत कोरडी, सुरकुतलेली, जांभळट होते. 24 तासांत प्लेट फेकून देणाऱ्याला ती दिसणारच नाही.

शंका आली की प्लेटचा वास घेऊ नका, उघड्या टेबलावर काम थांबवा, प्लेट टेप लावून बंद करा आणि मेडिकल कॉलेजच्या मायक्रोबायोलॉजी विभागाला फोन करा. सेवाग्राम, नागपूर, यवतमाळ, जे जवळ असेल ते.

टीसीएलवाला
पाण्याचे नमुने कोणी करत असेल तर. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर घेतलेला नमुना साध्या बाटलीत आणला तर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहतो आणि मॅकॉन्की ब्रॉथ स्वच्छ येतो. गावाला वाटतं पाणी चांगलं. निर्जंतुक करण्याआधी 120 मिलीच्या बाटलीत 10 टक्के सोडियम थायोसल्फेटचा 0.1 मिली घाला. त्याने पुष्कळ क्लोरीन निष्प्रभ होतो.

एमपीएनला (पाण्यातल्या जंतूंची संख्या नळ्यांवरून अंदाजायची पद्धत) 10 मिली नमुन्याबरोबर 10 मिली दुप्पट ताकदीचा ब्रॉथ लागतो. एकपट घेतला तर बाइल अर्ध्यावर येतं आणि भलतेच जंतू वाढतात. डरहॅम नळीत (वायू पकडायची आतली उलटी छोटी नळी) आधीचा बुडबुडा राहिलेला नाही हे पेरण्यापूर्वी बघा. 37 अंशांवर 48 तासांनी आम्ल आणि वायू दोन्ही दिसले तर तो फक्त संशय. ई. कोलाय म्हणायला 44 अंशांवर वायू आणि इंडोल टेस्ट पॉझिटिव्ह, दोन्ही लागतात.

पूर्णाकाठ
सगळ्यांचे आभार. डिस्टिल्ड पाण्यात केलेल्या क्लेडवर प्रोटियस आता जागच्या जागी आहे. एक्सएलडी नुसतं उकळून केलं, स्वच्छ आलं. मॅकॉन्कीची कोरी प्लेटच गुलाबी निघाली, पीएच 6.6. उरलेला अगार परत वितळवणं बंद केलंय.

एक शेवटचं. जुलै 2022 मध्ये चिखलदऱ्याकडे कॉलरा झाला होता, म्हणून पावसाळ्याआधी टीसीबीएसच्या प्लेट भरून ठेवाव्यात का?

लूपधारी
प्लेट भरून ठेवू नका, पावडर ताजी ठेवा. टीसीबीएस ऑटोक्लेव्ह करायचंच नसतं, त्यामुळे साथीची बातमी आल्यावर तासाभरात प्लेट तयार होतात. लिटरला 89 ग्रॅम, उकळी, 50 अंशांवर आणून ओतणे. वापरण्याआधी झाकण थोडं उघडं ठेवून 37 अंशांवर अर्धा तास सुकवा.

आधी करून ठेवायचं ते अल्कलाइन पेप्टोन वॉटर (नमुन्यातला कॉलऱ्याचा जंतू आधी वाढवून घ्यायला) आणि कॅरी-ब्लेअर (नमुना पाठवायचं माध्यम). पेप्टोन वॉटरसाठी पेप्टोन 10 ग्रॅम, मीठ 10 ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी 1 लिटर, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 8.5, मग 10-10 मिलीच्या घट्ट स्क्रू झाकणाच्या बाटल्यांत भरून ऑटोक्लेव्ह. त्या काही महिने टिकतात, पण झाकण सैल राहिलं तर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने पीएच उतरतो. म्हणून वापरण्याआधी प्रत्येक बॅचच्या एका बाटलीचा पीएच बघा, 8.4 च्या खाली गेला असेल तर ती बॅच बाद.

नमुना टाकल्यावर 6 ते 8 तास 37 अंशांवर. बाटली हलवायची नाही. व्हिब्रिओ (कॉलऱ्याचा जंतू) हवेच्या ओढीने वर येतो, म्हणून लूप पृष्ठभागावरूनच घ्यायची. टीसीबीएसवर 18 ते 24 तासांत पिवळ्या, सपाट, 2-3 मिमीच्या कॉलनी. हिरव्या आल्या तर *व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस* वगैरे. पिवळी कॉलनी न्यूट्रिएंट अगारवर घ्या, तिथून ऑक्सिडेज आणि 0.5 टक्के डीऑक्सिकोलेटची स्ट्रिंग टेस्ट. काचपट्टीवर घोळलं की लूपबरोबर तार वर यायला हवी. मग ओ1 अँटिसेरा (कॉलऱ्याचा ओ1 प्रकार ओळखायचं द्रावण), किंवा जिल्हा लॅबकडे.

आणि कॅरी-ब्लेअरमधला कॉलऱ्याचा नमुना बर्फात पाठवू नका. सावलीत, खोलीच्या तापमानाला, झाकणावर वेळ लिहून.